रायफलीला टेकू

टेक्ससमध्ये हरणाच्या शिकारीला लागणारी प्रत्येक वस्तू सहा फुटी पुरुषाच्या मापाने बनवलेली असते. हे मला कुणी आधीच सांगितलं असतं, तर चार हिवाळे आणि बरंचसं रक्त आटवणं वाचलं असतं. माझी उंची पाच फुटांना जेमतेम टेकते. नागपूरला त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर स्टूल ओढायचं, संपलं. पण रायफल घेऊन रानात बसल्यावर स्टूल कुठून ओढणार?

मी तिथे गेले दोन हजार तीन साली, लग्न होऊन, नवऱ्याच्या मागोमाग. तो पुण्याचा, प्लेनोतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरवाला. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, पण व्हिसाच्या भाषेत त्याची 'डिपेंडंट'. म्हणजे नोकरी करायची नाही, आणि बाकी जे काही करायचं ते नवऱ्याच्या कागदांना चिकटून. बँकेत खातं उघडायचं तर त्याची सही, गाडीचं लायसन्स काढायचं तर त्याच्या ऑफिसचं पत्र, लायब्ररीच्या कार्डासाठी त्याच्या नावाचं विजेचं बिल. काउंटरवरची बाई प्रश्न मला विचारायची आणि उत्तरासाठी त्याच्याकडे बघायची. तो म्हणायचा, "अगं, तिची काय चूक? रूलच आहे तसा." रूल आहे हे मलाही कळत होतं. त्याने राग कमी होत नव्हता.

आमच्या भाड्याच्या घराशेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. निवृत्त, धिप्पाड, बोलायला मऊ. आम्ही त्यांना काका म्हणायचो, आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर तो त्यांना इतका आवडला की आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवताना ते स्वतःच "धिस इज काका" म्हणायला लागले. एका शनिवारी गॅरेज उघडं टाकून ते रायफल साफ करत बसले होते. मी जाता जाता थांबले आणि बघत राहिले. कॉलेजात असताना एनसीसीत माझा नेम चांगला होता. पोटावर झोपायचं, पुढे वाळूची पिशवी, मागे सुभेदारसाहेबांचं "साँस आधी छोडो, आधी रोको". हे मी काकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. दुसरा कुणी हसला असता. काकांनी रायफल रिकामी आहे ना हे दोनदा तपासलं आणि माझ्या हातात दिली.

प्लेनोपासून तीन-चार तासांवर, पश्चिमेला, काकांची थोडी जमीन होती. ओकची झाडं, निवडुंग, बाभळीसारखी काटेरी झुडपं, आणि हरणं. माझ्यासारख्या व्हिसावरच्या माणसालाही शिकारीचं लायसन्स असलं तर तिथे रायफल धरता येते, हे काकांनीच शोधून काढलं. मी कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. दुकानातल्या पोराने माझं नाव विचारलं, माझी जन्मतारीख विचारली, आणि कागद छापून माझ्या हातात दिला. नवरा शेजारीच उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. मला इतका आनंद झाला की परतताना मी गाडीत गुणगुणत होते.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. एक गोळी, एक हरीण, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा हात नको. घरातलं सगळं आम्ही दोघं मिळून करायचो, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढं एक माझं एकटीचं असावं, असं मनाने घेतलं होतं.

काकांचा नियम कडक होता. रायफल हलत असेल तर गोळी झाडायची नाही. जखमी हरीण झुडपात शिरलं की तासन्‌तास तडफडतं, आणि ते पाप झाडणाऱ्याच्या माथी. मला नियम पूर्ण पटला होता. त्यामुळे सगळा प्रश्न रायफल कशावर टेकवायची यावर येऊन ठेपला. या टेकूला तिकडे 'रेस्ट' म्हणतात. काका पहिल्यांदा नवऱ्याला म्हणाले, "हिला एक चांगली रेस्ट मिळायला हवी," तेव्हा हा काळजीने म्हणाला, "शी स्लीप्स इन द आफ्टरनून." मी दुपारी झोपते हे अशा रीतीने त्या माणसाला कळलं.

पहिला हिवाळा मचाणावर गेला. मचाण म्हणजे चार खांबांवर उभं केलेलं लाकडी खोकं, पुढे खिडकी, खिडकीला आडवी फळी. फळीवर रायफल टेकवायची आणि खुर्चीत बसून नेम धरायचा. मी खुर्चीत बसले की फळी कपाळाला यायची आणि उभी राहिले की छातीला. मग बर्फाच्या पेटीवर बसून बघितलं. सरावाच्या वेळी नळी नुसत्या फळीवर ठेवली म्हणून प्रत्येक गोळी वर गेली. काका म्हणाले, नळी कशालाच टेकवायची नाही, नळीखालचं लाकूड टेकवायचं, आणि तेही मऊ कशावर तरी. म्हणून जॅकेटची गुंडाळी केली. जॅकेट काढल्यावर मी थंडीने कुडकुडायला लागले. कुडकुडणाऱ्या माणसाला कसला टेकू द्यायचा? त्या वर्षी हरणं आली, उभी राहिली आणि निघून गेली. मी त्यांच्यावर एकदाही गोळी झाडली नाही.

नवरा दर वेळी बरोबर असायचा. त्याला शिकारीत रस शून्य. बंदुकीचा आवाज झाला की त्याचे खांदे कानांपर्यंत जायचे. पण "तुला एकटीला जंगलात कशी सोडू?" हे त्याचं पालुपद. थर्मास, चिवडा, मफलर घेऊन तो माझ्या मागे बसायचा आणि नेमकं हरीण दिसलं की त्याच्या चिवड्याची पिशवी चुरचुरायची. मी म्हणायचे, "तू घरीच राहा न बाप्पा." राग आला की माझं नागपुरी बाहेर येतं. तो हसून म्हणायचा, "चिडलीस की छान बोलतेस." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

वाढदिवसाला त्याने मला बायपॉड आणून दिला. रायफलीला खालून जोडायचे दोन पाय. प्रेमाने आणला होता, शंकाच नाही. पण तो पोटावर झोपून वापरायचा. एनसीसीच्या मैदानावर सुभेदारसाहेबांनी गवत कापून ठेवलेलं असायचं. इथे ते माझ्या नाकाच्या वर. आडवी पडल्यावर मला गवत सोडून काही दिसेना, आणि काही मिनिटांत कळलं की मी लाल मुंग्यांच्या वारुळावर पडले आहे. त्या मुंग्यांना तिकडे 'फायर अँट' म्हणतात ते उगीच नाही. मी उठून नाचायला लागले. नवरा "हलू नकोस, हरीण आहे" म्हणाला. हरीण तेव्हा पळत होतं.

मग काठ्या आणल्या. वर एकमेकींना बांधलेल्या दोन काठ्या, पाय फाकवून जमिनीत रोवायच्या आणि बेचक्यात रायफल ठेवायची. दुकानदार म्हणाला, कुणालाही चालतात. कुणालाही म्हणजे त्याच्या मेव्हण्याला, हे मला घरी आल्यावर कळलं. पूर्ण खाली केल्या तरी बेचकं माझ्या हनुवटीशी. मी सरळ करवत घेतली आणि काठ्या कापल्या. उंची जमली, पण रायफल पुढे-मागे डोलायला लागली. दोन पायांवर वस्तू डाव्या-उजव्या अंगाला स्थिर राहते, पुढे-मागे नाही. हे इंजिनिअर बाईला कापण्याआधी सुचायला हरकत नव्हती. तीन पायांचा स्टँडही बघितला. तो उघडताना असा खडखडाट करायचा की शेजारच्या शेतातलीसुद्धा हरणं गेली असतील.

आणि मग साबुदाणा.

काकांकडे एक पिशवी होती, उशीएवढी, टेकवायला झकास. आत वाळूऐवजी प्लास्टिकचे बारीक पांढरे मणी, म्हणून हलकी. मला तशी हवी होती. दुकानात पिशवी मिळाली, पण रिकामी, मणी संपलेले. घरी मी ती रिकामी पिशवी घेऊन बसले होते, तेव्हा नवरा म्हणाला, "यार, काकांच्या पिशवीतले मणी अगदी साबुदाण्यासारखे दिसतात." दिसतातच. डबा उघडून बघितला तर तोच आकार, तोच रंग, हातातून तसाच घरंगळणारा. मी इंडियन स्टोअरमधून दोन मोठी पाकिटं आणली, पिशवी गच्च भरली, वर दोरा ओवला. टेबलावर ठेवून वर हात टेकवून बघितला. असा टेकू त्या दुकानात एकही नव्हता. मी खूश, नवरा माझ्याहून खूश.

आम्ही निघालो त्या दुपारी पाऊस लागला आणि पिशवी काकांच्या ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात भिजत राहिली. माझं सगळं आयुष्य चतुर्थीच्या खिचडीसाठी साबुदाणा भिजत घालण्यात गेलेलं. पाणी किती, वेळ किती, दाणा मोकळा कसा ठेवायचा, झोपेतसुद्धा सांगेन. पण त्या पिशवीकडे बघून माझ्या डोक्यात हे आलं नाही, कारण ती पिशवी होती, पातेलं नव्हतं. सकाळी ती फुगून टम्म झालेली, शिवणींतून पांढरी खळ बाहेर येतेय. दुसरं काही नव्हतंच, म्हणून मी तिलाच मचाणाच्या फळीवर ठेवलं आणि पेटीवर चढून बसले. थोड्या वेळाने समोर एक मादी आली, आडवी, निवांत, सबंध हंगामात कुणी अशी उभी राहिली नव्हती. मी रायफल पिशवीवर ठेवली. पिशवी 'पच्च' म्हणाली, शिवण उसवली आणि रायफल खळीवरून डावीकडे घसरत गेली. मागून नवऱ्याचं हसू फुटलं. त्याने तोंडात मफलर कोंबला होता, पण उपयोग झाला नाही.

"हसतोस काऊन?" मी म्हटलं.

"अगं, दाण्याचं कूट राहिलं," तो म्हणाला.

काकांनी बोट बुडवून ती खळ बघितली आणि हे काय आहे असं विचारलं. नवऱ्याने सांगितलं, उपासाचं खाणं. काका म्हणाले, "हरणांना खायला घालायचं असेल तर पिशवीत भरू नका, जमिनीवर टाका." त्यानंतर दोन दिवस मी नवऱ्याशी बोलले नाही. त्याची चूक नव्हती, माझीही नव्हती, आणि कुणाचीच चूक नसताना आलेला राग लवकर उतरत नाही.

तोडगा सापडला तो स्वयंपाकघरात. लग्नानंतर बॅगेत घालून मी नागपूरहून विळी नेली होती. ओट्यावर सुरी-बोर्ड असताना मी फरशीवर बसून भाजी चिरते याची नवरा पाहुण्यांसमोर थट्टा करायचा. एकदा मेथी चिरता चिरता माझं माझ्याकडेच लक्ष गेलं. एक पाय विळीच्या पाटावर, दुसरा गुडघा उभा, त्या गुडघ्यावर दंड टेकलेला, पाठ भिंतीला. फक्त मनगट हलतंय, बाकी सगळं शरीर घट्ट. मला कशावर टेकायचं ते मी दुकानादुकानांतून शोधत होते, आणि माझाच गुडघा माझ्याजवळ होता.

मी फरशी पुसायच्या दांड्याची रायफल करून हॉलमध्ये सराव सुरू केला. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं तर हाडावर हाड घसरतं. थोडं पुढे सरकून दंडाचं मांस गुडघ्यावर दाबलं की बसतं. पाठीला झाड हवं. उजवं कोपर तेवढं अधांतरी राहायचं, पण त्याने फरक पडत नव्हता. काकांच्या जमिनीवर शंभर यार्डांवर कागदी थाळी लावून मी अशी बसले, तेव्हा काकाही आधी हसले. मग थाळी काढून आणली. सगळी भोकं चहाच्या बशीत मावतील एवढ्यात होती. काका म्हणाले, "आता तुला कशाचीच गरज नाही." हे वाक्य त्या देशात मला दुसऱ्या कुणीच ऐकवलं नव्हतं.

त्याच सुमारास नवऱ्याची पुण्याला बदली ठरली. जानेवारीत निघायचं. मलाही परत जायचं होतं. तिथे मला नोकरी करता येणार होती. पण भारतात शिकारीला बंदी आहे, आणि ती असावी असंच माझंही मत आहे. म्हणजे दोन हजार सातच्या डिसेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार, त्यानंतर आयुष्यात पुन्हा नाही. मी नवऱ्याला विनवून बघितलं, "या वेळी तरी मला एकटीला जाऊ दे." तो म्हणाला, "शेवटची वेळ आहे, मलाही बघू दे ना. चिवडा नाही आणत." एवढ्या मऊ आवाजात म्हणाला की मी त्याचाही थर्मास भरायला काढला.

शनिवारी काहीच आलं नाही. रविवारी सकाळी ऊन पडल्यावर आम्ही ओकच्या बुंध्याशी बसलो, मी विळीवर बसल्यासारखी, तो माझ्या उजव्या अंगाला, जरा मागे. खरोखरच त्याने चिवडा आणला नव्हता. बऱ्याच वेळाने ओढ्यापलीकडून एक मादी आली. चरत चरत उघड्यावर आली आणि आडवी उभी राहिली. मी रायफल उचलली, दंड गुडघ्यावर दाबला, रायफलीवरच्या दुर्बिणीतून, स्कोपमधून, बघितलं. स्कोपमधली फुली आजवर माझ्यासमोर कायम भिरभिरत असे. त्या सकाळी ती हरणाच्या खांद्यामागे जाऊन बसली आणि तिथेच राहिली. मला आठवतं, मी मनात म्हटलं, हलत नाही, अजिबात हलत नाही. साँस अर्धी सोडली, अर्धी रोखली, आणि बोट हळूहळू दाबत गेले.

त्याच वेळी माझ्या उजव्या कोपराखाली त्याचा तळहात आला. उबदार, घट्ट, खालून उचलून धरणारा. आणि गोळी सुटली.

मादी होती तिथेच पडली. पाऊलभरसुद्धा चालली नाही. तिला काही कळलंही नसेल. माझ्या कानात शिट्टी वाजत होती आणि तो म्हणत होता, "पडलं, पडलं, अगं पडलं."

"हात काढ," मी म्हटलं.

काका ट्रक घेऊन आले, टोपी काढून हरणाजवळ क्षणभर उभे राहिले, मग माझा हात हातात घेऊन खूप वेळ हलवला. शेवटी कशावर टेकवलीस, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नवऱ्याने हसून आपला तळहात पुढे केला. काका म्हणाले, "ही रेस्ट दुकानात मिळत नाही." दोघंही मनापासून खूश होते. माझ्यासाठीच खूश होते. मी वाकून हरणाचे पाय बांधायला घेतले, कारण चेहरा कुठेतरी लपवायला हवा होता.

परतीच्या हायवेला गाडी लागली. मग मी विचारलं, "हात काऊन लावला?"

"तू थरथरत होतीस."

"मी थरथरत नव्हते. मी श्वास सोडत होते."

"मला दिसलं ना. कोपर हवेत होतं. वाटलं, एवढी चार वर्षं घालवलीस, आता चुकायला नको." तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. त्याला आता काहीतरी कळायला लागलं होतं, त्याच्या मानेवरून दिसत होतं. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "म्हणजे मी हात लावला नसता, तरी पडलं असतं?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी 'हो' म्हटलं असतं तर त्याने मान्य केलं असतं, काकांना फोन करून सांगितलंही असतं, एवढा तो सरळ आहे. मला 'हो' म्हणायचं होतं. चार वर्षांत दुसरं काही म्हणायचंच नव्हतं मला. पण मी ते मनातल्या मनात म्हणून बघितलं आणि ते खात्रीचं वाटेना. मग मी खिडकीकडे तोंड केलं आणि रडायला लागले, आणि त्याने गाडी चालवता चालवता एक हात माझ्या खांद्यावर ठेवला.